नदीपर्यटनाची जहाजे : बांधणीचे प्रकार व त्यांचे गुणदोष

समुद्रावर जाणारे जहाज बांधताना त्याची लांबी, रुंदी व उंची किती असावी हा निर्णय बव्हंशी मालकाच्या ऐपतीवर आणि बंदराच्या सोयीवर सोपविता येतो. नदीतील जहाजाची गोष्ट निराळी आहे. त्याची मापे नदीच ठरविते. तळाच्या खोलीवरून जहाज पाण्यात किती बुडावे हे ठरते, पुलांच्या कमानींवरून त्याची उंची ठरते, आणि जलपाश, म्हणजे पाण्याची पातळी चढउतार करून जहाजे पुढे सोडणारे दरवाजे, जेथे असतील तेथे लांबीरुंदीही ठरून जाते. त्यामुळे अशा जहाजांची तुलना करताना कोणते अधिक देखणे हा प्रश्न गौण होय. नदीने आखून दिलेल्या चौकटीत बांधणाऱ्याने काय मिळविले आणि त्यासाठी काय गमावले, हे पाहणे अगत्याचे आहे.

हा विषय आता केवळ परदेशाचा राहिलेला नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने देशातील एकूण १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित झाले. त्यांत गोमंतकातील कुंभारजुवे कालवा (क्रमांक २७), मांडवी (क्रमांक ६८) आणि जुवारी (क्रमांक १११) यांचा समावेश आहे. सफरींच्या नौका वाढत आहेत आणि त्यांत बसणाऱ्यांत शाळकरी मुलांची संख्या मोठी आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्यू पावल्या. नौकेची बांधणी आणि तिच्यावरील भार यांविषयीचे प्राथमिक ज्ञान परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याइतकेच सहल नेणाऱ्या शिक्षकालाही असणे आवश्यक आहे, ते यासाठीच.

स्थैर्याचे गणित

जहाजाचा जेवढा भाग पाण्याखाली असतो त्याच्या खोलीला येथे ‘डूब’ म्हटले आहे. नदी उथळ असल्याने डूब कमी हवी, आणि पूल व जलपाश यांमुळे रुंदीही मर्यादित. मग अधिक प्रवासी घ्यावयाचे तर जहाज वाढणार कोठे? लांबीत, नाहीतर वरच्या दिशेने. लांबी संपली की मजला चढतो. नदीच्या जहाजांतील बहुतेक गुणदोषांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

याचा परिणाम वर्गात सहज दाखविता येतो. पत्र्याचा एक चौकोनी डबा पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत ठेवावा व त्याच्या तळाशी चारपाच दगड ठेवावेत. डब्याची कड बोटाने दाबली तर डबा कलतो आणि बोट काढताच पूर्ववत होतो. आता तेच दगड काढून डब्याच्या तोंडावर आडवी फळी बांधावी व दगड त्या फळीवर ठेवावेत. डबा पूर्वीइतकाच बुडेल, कारण वजन तितकेच आहे. परंतु या वेळी कड किंचित दाबली तरी तो उलटण्याचा संभव असतो. वजन बदलले नाही, वजनाची जागा बदलली.

यामागील कारण असे. नौका एका बाजूस कलली की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो आणि पाण्याचा वरच्या दिशेचा रेटा त्याच बाजूस सरकून नौकेला सावरतो. हा रेटा नौकेच्या मध्यरेषेला ज्या बिंदूत छेदतो त्याला ‘मेटासेंटर’ म्हणतात. नौकेचा गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेपर्यंत नौका सावरते; तो वर गेला की सावरणारा रेटाच तिला उलटवू लागतो. येथे रुंदीचे महत्त्व विलक्षण आहे. वजन व लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली तर बांधणीमुळे मिळणारी ही सावरण्याची शक्ती सुमारे आठपट होते. अरुंद व उंच नौका धोक्याची, रुंद व ठेंगणी नौका सुरक्षित, हे गावच्या होडीवाल्याचे जुने ज्ञान गणिताच्या भाषेत असे मांडता येते.

डब्याचा आणखी एक प्रयोग आहे. दगडांऐवजी डब्यात अर्धे पाणी भरून कड दाबावी. आतले पाणी खालच्या बाजूस धावते आणि कल आणखी वाढवते. जहाजाच्या तळघरात साचलेले पाणी किंवा अर्धी रिकामी तेलाची टाकी हेच करते. माणसेही असेच सैल वजन होत. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळातील थेक्कडी येथे ‘जलकन्यका’ ही दुमजली नौका उलटून ४५ जण मरण पावले. काठावरील वन्यप्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूस सरकले होते.

युरोपीय नद्यांतील लांब जहाजे

ऱ्हाईन व डॅन्यूब या नद्यांना जोडणारा १७१ किलोमीटरचा माइन-डॅन्यूब कालवा १९९२ साली पूर्ण झाला आणि उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत जलमार्ग अखंड झाला. या कालव्यावरील जलपाश १२ मीटर रुंद आहेत. त्यामुळे तेथून जाणारे प्रवासी जहाज सुमारे ११.४ मीटर रुंद बांधतात. दोन्ही बाजूंस वीतभर सांधीच काय ती उरते. लांबी बहुधा ११० किंवा १३५ मीटर. पूल ठेंगणे असल्याने सुकाणूघर यंत्राच्या साहाय्याने खाली डेकमध्ये उतरविता येते. छतावरील कठडे व सावलीचे मांडवही दुमडून ठेवतात. पूल येताच छतावरील प्रवाशांना खाली जाण्यास सांगितले जाते.

११.४ मीटर रुंदीत दोन्ही बाजूंस खोल्या व मध्ये वाट एवढेच बसते. खोलीला सज्जा दिला तर खोली आखूड होते. यावर दोन उपाय निघाले. पहिला म्हणजे नुसते सरकते काचेचे दार व त्यापुढे कठडा. याने जागा जात नाही, परंतु बाहेर बसताही येत नाही. दुसरा उपाय २०१२ पासून आलेल्या ‘व्हायकिंग लाँगशिप’ या मालिकेत दिसतो. तीत मधली वाट मध्यापासून एका बाजूस सरकविली आहे. त्यामुळे एका बाजूस मोठ्या, सज्जायुक्त खोल्या मिळतात आणि दुसरीकडील खोल्या लहान होतात. नाळही टोकदार न ठेवता चौकोनी केल्याने १३५ मीटर लांबीत १९० प्रवासी बसतात. चौकोनी नाळ पाणी कापण्यास प्रतिकूल असते खरी, पण संथ गतीने चालणाऱ्या जहाजाला तो तोटा परवडतो.

ही जहाजे लांब व ठेंगणी असल्याने स्थैर्याच्या दृष्टीने उत्तम समजावीत. त्यांची खरी अडचण पाण्याची आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ऱ्हाईनवरील काउब येथील पाणीमापक २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला. मापकाचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. जहाजांच्या वाटेतील खोली तेथे मापकाच्या आकड्याहून सव्वा मीटरच्या आसपास अधिक असते. तरीही दीड मीटरहून अधिक डूब असलेल्या जहाजाला तेथून जाणे अशक्य झाले. अशा वेळी कंपन्या एक युक्ती करतात. उथळ जागेच्या दोन्ही अंगांस एकाच आराखड्याची दोन जहाजे उभी करून प्रवाशांना मोटारीने एकातून दुसऱ्यात नेतात. खोली तीच, क्रमांक तोच, खिडकीही त्याच बाजूला. एकाच नमुन्याची अनेक जहाजे बांधण्याचा हा लाभ आराखडा करताना कोणी योजला असेल असे वाटत नाही, पण तो मोठा आहे.

याच्या उलट प्रयोग २०१९ साली ‘आमामाग्ना’ या जहाजाने केला. त्याची लांबी १३५ मीटरच, पण रुंदी २२ मीटर. आणि प्रवासी मात्र दोनशेच्या आतच. खोल्या ऐसपैस झाल्या, जहाज अतिशय स्थिर झाले. परंतु ते माइनच्या कालव्यातून जाऊ शकत नाही. डॅन्यूबचे मोठे जलपाश हेच त्याचे जग. एका नदीवर पाणी आटले तर त्याला दुसरीकडे हलविता येत नाही, हा दोष त्याच्या सुखसोयींच्या यादीत कोठे लिहिलेला नसतो.

चक्रनौका आणि उंच जहाजे

अमेरिकेतील मिसिसिपीवर १८११ साली पहिली आगबोट आली. १८१६ साली हेन्री श्रीव्ह याने ‘वॉशिंग्टन’ नावाची आगबोट बांधली. तिचा तळ उथळ होता, यंत्र तळघरात न ठेवता डेकवर होते आणि त्यावर आणखी एक मजला होता. पुढे त्या नदीवरील आगबोटींनी हाच घाट स्वीकारला. उथळ नदीस पाण्याचे मोठे चाक फार सोयीचे, कारण त्याची फळी थोडीच बुडते. दोन बाजूंस दोन चाके असली तर ती उलटसुलट फिरवून नौका जागच्या जागी वळविता येते. पण रुंदी वाढते आणि चाके धक्क्यावर आदळतात. चाक पाठीमागे असले तर ते लाकूडफाट्यापासून सुरक्षित राहते आणि नाळ थेट काठाला लावता येते, मात्र वळण घेणे अवघड जाते. मळसूत्री पंख्याने ही चाके मागे टाकली. आजच्या अनेक चक्रनौकांत चाक शोभेपुरते असते व काम पंखेच करतात.

लाकडी बांधणी व वाफेची यंत्रे यांचा धोका त्या काळी भयंकर होता. २७ एप्रिल १८६५ रोजी मेम्फिसजवळ ‘सुलताना’ या आगबोटीचे बॉयलर फुटून ११०० हून अधिक माणसे मेली. ३७६ माणसांसाठी असलेल्या त्या बोटीवर दोन हजारांहून अधिक चढविली होती. १९२७ साली सेवेत आलेल्या ‘डेल्टा क्वीन’ या नौकेचा तळ पोलादी, पण वरचे मजले लाकडी. १९६६ च्या सुरक्षाविषयक कायद्याने अशा नौकांवर रात्रीच्या मुक्कामाचे प्रवासी नेण्यास बंदी आल्यावर ती खास सवलतीवर २००८ पर्यंत चालली. लाकडाचे मजले हलके व देखणे असतात, पण आगीपुढे टिकत नाहीत. आज पोलादी तळावर अ‍ॅल्युमिनियमचे मजले चढविण्याची रीत आहे, ती वरचे वजन कमी राखण्यासाठीच. अ‍ॅल्युमिनियमही मोठ्या आगीत लवकर नरम पडते हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

चीनमधील यांगत्से नदीवर चित्र वेगळे आहे. थ्री गॉर्जेस धरणामुळे नदीचा मोठा भाग खोल जलाशय झाला. तेथील जलपाश २८० मीटर लांब व ३४ मीटर रुंद आहेत. त्यामुळे पाचसहा मजल्यांची, कित्येक शेकडा प्रवाशांची जहाजे तेथे चालतात. एवढ्या प्रवाशांवर खर्च वाटला गेल्याने भाडे कमी ठेवता येते, हा त्यांचा उघड लाभ. परंतु मजल्यांची उंच भिंत वाऱ्याला शिडासारखी आडवी येते. १ जून २०१५ च्या रात्री ‘ईस्टर्न स्टार’ हे जहाज वादळात सापडून उलटले. ४५४ जणांपैकी १२ वाचले. हे जहाज १९९४ साली बांधले गेले व नंतर त्याची लांबी वाढवून त्यात फेरबदल करण्यात आले होते. नदीवर लाटा नसतात म्हणून धोका नाही, ही समजूत त्या रात्रीने खोटी ठरविली.

गंगा आणि गोमंतकातील नद्या

भारतीय नद्यांत अडचण पुलांपेक्षा वाळूची अधिक. गंगेतील वाळूचे पट्टे दर पावसाळ्यात जागा बदलतात. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून दिब्रूगढच्या ५१ दिवसांच्या प्रवासाला निघालेले ‘गंगा विलास’ हे जहाज या दृष्टीने अभ्यासनीय आहे. त्याची लांबी ६२ मीटर, रुंदी १२ मीटर व डूब १.४ मीटर. मजले तीन, आणि प्रवासी केवळ ३६. युरोपीय जहाजाच्या निम्म्याहून कमी लांबी व थोडी अधिक रुंदी, म्हणजे घाट अधिक आडवा. आखूड जहाज वळणावर व वाळूच्या पट्ट्यांमधून काढणे सोपे जाते. परंतु प्रवासी थोडे असल्याने प्रत्येकावर पडणारा खर्च फार मोठा होतो, आणि अशी सफर सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर राहते. डूब कमी ठेवण्याची ही किंमत आहे.

मांडवी व जुवारी या भरतीओहोटीच्या नद्या. येथील सफरी तासादोन तासांच्या असल्याने झोपण्याच्या खोल्यांची गरज नाही आणि नौका रुंद, मोकळी बांधता येते. गोमंतकाची जुनी फेरीबोट हा तर या नदीने घडविलेला उत्तम नमुना होय. सपाट तळ, कमी डूब, पुढे उघडणारी उतरती फळी, आणि वाहनांचे जड वजन अगदी खालच्या डेकवर. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील पूल कोसळला तेव्हा दोन्ही तीरांमधील रहदारीचा भार याच बोटींवर पडला होता. त्यांचा दोष असा की डेक पाण्याच्या पातळीजवळ व मोकळा असल्याने त्यावर आलेले पाणी तत्काळ बाहेर जाण्याची वाट खुली असलीच पाहिजे. २०२५ साली रायबंदर-चोडण मार्गावर अधिक वाहने नेणाऱ्या रो-रो बोटी सुरू झाल्या.

सफरीच्या नौकेत मात्र क्रम उलटा होतो. तेथे वरच्या मजल्यावर वारा, दृश्य व नाचगाणी असतात आणि सर्व माणसे वर जमतात. डब्याच्या फळीवर दगड ठेवावेत तसे हे झाले. नाचाची जागा व व्यासपीठ खालच्या डेकवर आणि वर केवळ जागेशी जखडलेली बाके, ही रचना अधिक शहाणपणाची. प्रवाशांना ती कमी आवडेल हे खरे.

दुहेरी तळाची नौका, जिला ‘कॅटमरान’ म्हणतात, हा दुसरा पर्याय. दोन अरुंद तळांवर एक रुंद डेक असल्याने ती सहसा कलत नाही, आणि तिच्या लाटाही तुलनेने लहान उठतात. एप्रिल २०२३ पासून कोचीत सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या विजेवरील बोटी अशाच आहेत. २०१७ साली वायकम येथे सुरू झालेली ७५ प्रवाशांची सौर नौका ‘आदित्य’ हीही याच घाटाची. विजेच्या बॅटऱ्या जड असतात, पण त्या तळाशी ठेवल्या तर तेच वजन स्थैर्यास उपकारक ठरते, आणि तेलाच्या अर्ध्या टाकीतील हेलकाव्याचा प्रश्नही राहत नाही. गैरसोय अशी की दुहेरी तळाची नौका थोड्या जादा भारानेही लवकर खाली बसते, धक्क्यावर अधिक जागा अडविते, आणि लांबच्या प्रवासाला बॅटरी पुरत नाही.

लाटांचा प्रश्न गोमंतकातील खेड्यांना जवळचा आहे. खाजन शेती नदीकाठच्या मातीच्या बांधांवर आणि पाणी अडविणाऱ्या मानशींवर टिकून आहे. बोजड, खोल डूब असलेली नौका वेगाने गेली की तिच्यामागून उठणाऱ्या लाटा बांधाच्या पायथ्याची माती हळूहळू ओढून नेतात. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन नासते. आराखड्याची निवड करताना प्रवाशांची सोय पाहिली जाते. कुंभारजुव्यासारख्या चिंचोळ्या पाण्यात काठावरच्या शेतकऱ्याची सोयही त्याच कागदावर लिहिली जावी.

खिडक्या, दारे आणि नंतरचे फेरबदल

जलरेषेजवळच्या खिडक्या हा जुन्या नदीजहाजांचा मोठा दोष. खालच्या मजल्यावर खोल्या काढून प्रवासी वाढविता येतात, पण तेथील खिडक्या उघड्या राहिल्या तर थोडासा कलही पुरतो. १० जुलै २०११ रोजी रशियातील व्होल्गा नदीवर ‘बुल्गारिया’ हे १९५५ चे जहाज बुडून १२२ जण मृत्युमुखी पडले. जहाजावर २०१ माणसे होती, ते आधीच एका बाजूस कललेले होते, आणि उन्हाळा असल्याने खिडक्या उघड्या होत्या. आधुनिक जहाजांत खालच्या खोल्यांना न उघडणाऱ्या काचा असतात आणि तळ आडव्या भिंतींनी अनेक कप्प्यांत विभागलेला असतो, जेणेकरून एका कप्प्यात शिरलेले पाणी दुसऱ्यात जाऊ नये.

मूळ आराखडा चांगला असूनही नंतरच्या बदलांनी नौका बिघडते, याची उदाहरणे अनेक आहेत. ७ मे २०२३ रोजी केरळातील तानूर येथे २२ जणांचा बळी घेणारी सहलीची नौका मुळात मासेमारीची होती. मात्र सर्वांत विचार करावयास लावणारे उदाहरण शिकागोचे आहे. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर जीवरक्षक होड्यांची संख्या वाढविण्याची मागणी झाली आणि १९१५ साली अमेरिकेत तसा कायदा झाला. ‘ईस्टलँड’ हे सहलीचे जहाज आधीच अरुंद व वरून जड म्हणून ओळखले जात होते. त्याच्या वरच्या डेकवर जादा होड्या व तराफे चढविण्यात आले. २४ जुलै १९१५ रोजी सकाळी, शिकागो नदीच्या धक्क्याला बांधलेले असतानाच ते अडीच हजार माणसांसह एका कुशीवर आडवे झाले. ८४४ जण मेले. पाणी फार खोल नव्हते आणि काठ अगदी जवळ होता.

आपल्याकडे १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जहाज अधिनियमाने नोंदणी व सर्वेक्षण यांची देशभर एकसारखी व्यवस्था केली आहे. सर्वेक्षणातील स्थैर्याची चाचणी फारशी गूढ नाही. निवांत पाण्यात नौका उभी करून, ठरावीक वजन डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस काही मीटर सरकवितात आणि आत टांगलेला लांब ओळंबा किती ढळला ते मोजतात. त्या मापावरून गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे हे गणिताने निघते. वर नवा मांडव घातला, पाण्याची टाकी छतावर नेली, ध्वनिक्षेपकांचा संच वरच्या मजल्यावर बसविला किंवा एखादी खोली वाढविली, तर पूर्वीचे माप त्या नौकेचे राहत नाही आणि ओळंबा पुन्हा टांगावा लागतो.